'स्पिनिंग सिल्व्हर' गटात वाचायची आहे : इतके आवाज, इतकी देणी, रसग्रहण कसे बांधावे?

वाचनवेल

नमस्कार मंडळी.

नाओमी नोविक यांची 'स्पिनिंग सिल्व्हर' (२०१८) आमच्या वाचनगटाने घेतली आहे. १४ सदस्य, पंधरवड्याला एक अशा चार बैठका, प्रत्येकी दीड तास. वाचन इंग्रजीतून, चर्चा मराठीतून. चौथ्या बैठकीला प्रत्येकाने हजार-बाराशे शब्दांचे रसग्रहण लिहून आणायचे ठरले आहे.

जाणकारांकडून चार गोष्टी हव्या आहेत.

१. ही कादंबरी ग्रिम बंधूंच्या 'रुम्पेलस्टिल्ट्स्किन'वर उभी आहे. ती गोष्ट आधी वाचून घ्यावी की कादंबरी संपल्यावर?

२. निवेदन सगळे 'मी'तून आहे, निवेदक सारखा बदलतो आणि वर नाव कुठेच दिलेले नाही. चार-पाच सदस्य पहिल्या शंभर पानांतच गोंधळले. ओळखायच्या खुणा काय?

३. नायिका मिरियम वसुली करते आणि दयामाया दाखवत नाही. दोघांचे म्हणणे असे की हे सावकारीचे कौतुक आहे. चर्चा तिथेच अडकेल अशी भीती वाटते.

४. रसग्रहणाच्या नावाखाली कथासार येऊ नये यासाठी काय करता येईल?

शेवट उघड करू नये ही विनंती. मधले काही सांगावे लागले तर आधी 'स्पॉयलर' लिहा.

---

आटपाटनगर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : आधी वाचा. दोन-तीन पानांची गोष्ट आहे, पहिल्या बैठकीच्या सुरुवातीला मोठ्याने वाचली तरी दहा मिनिटांत होते. ग्रिमच्या संग्रहात तिचा क्रमांक ५५, पहिली आवृत्ती १८१२ची. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हा कथाप्रकार क्रमांक ५००, म्हणजे अद्भुत मदतनीसाचे नाव ओळखण्याची कथा.

गोष्ट अशी. गिरणीवाला राजापुढे बढाई मारतो की माझी मुलगी पेंढ्याचे सोने कातते. राजा तिला पेंढ्याने भरलेल्या खोलीत कोंडतो. तीन रात्री, दर रात्री आधीपेक्षा मोठी खोली. एक बुटका माणूस येऊन काम करून देतो. पहिल्या रात्री मोबदला गळ्यातला हार, दुसऱ्या रात्री अंगठी, तिसऱ्या रात्री पहिले मूल देण्याचा शब्द. राणी झाल्यावर ती शब्द मोडू पाहते, तो तीन दिवसांची मुदत देतो, ती त्याचे नाव शोधून काढते आणि सुटते.

गटाला एक काम द्या. या गोष्टीत कबूल केलेले काम कोणी केले, याची यादी करा. बाप खोटे बोलला. राजाने धमकावून सोने घेतले आणि वर लग्न केले. मुलीने शब्द दिला आणि पाळला नाही. कबूल केले ते पुरे करणारा, वर मुदतही वाढवून देणारा एकटा तो बुटका, आणि शिक्षा होते ती त्यालाच. कादंबरीची पहिली दोन पाने नेमकी याच जागेवर बोट ठेवतात. तिथे मिरियम ऐकीव गोष्टीची दुसरी बाजू मांडते आणि म्हणते की ही खरी देणे बुडवण्याची गोष्ट आहे. ती दोन पाने घाईने वाचली तर पुढचा सगळा पाया निसटतो, म्हणून बैठकीत दोनदा वाचा.

ग्रिम बंधूही ही गोष्ट बदलत गेले. १८१०च्या हस्तलिखितात मुलीची अडचण उलटी आहे : ती जवस कातायला बसते आणि सूत निघतच नाही, दरवेळी सोन्याचा धागा निघतो. १८१२च्या छापील पाठात बुटका शेवटी रागाने निघून जातो, परत येत नाही. १८१९च्या आवृत्तीत तो स्वतःला मधोमध फाडून घेतो. 'मूळ गोष्ट बिघडवली' अशी तक्रार कुणी केली तर कुठली मूळ, हे आधी विचारा.

आता कादंबरीत काय हलवले आहे ते पाहा. हा भाग मला फार आवडतो.

बढाई बापाची राहिलेली नाही. मिरियम स्वतः जंगलातून घोड्याच्या घसरगाडीतून येताना आईला म्हणते की मी चांदीचे सोने करते, आणि हे बर्फाळ राज्यात राहणारे अमानवी लोक, म्हणजे स्टारिक, ऐकतात. तिच्या लेखी तो व्यापाराचा हिशेब आहे, ऐकणारा तो शब्दशः घेतो. मग सोने करून देण्यासाठी दारात चांदीची छोटी थैली येते : ६ नाणी, नंतर ६०, नंतर ६००. तीन खोल्यांची चढण इथे दसपटीत आली. विस्निया शहरातला सोनार आयझॅक त्या चांदीची आधी अंगठी, मग हार, मग मुकुट घडवतो आणि तिथला ड्यूक ते विकत घेतो. ग्रिममध्ये आधी हार, मग अंगठी, मग मूल असा क्रम आहे आणि दागिने मुलीच्या अंगावरून *जातात*. इथे पहिले दोन उलटे झाले आणि दागिने दुसऱ्या एका मुलीच्या, ड्यूकच्या इरिनाच्या, अंगावर *येतात*. तिसऱ्या दागिन्याला मुलाऐवजी मुकुट आला आहे, पण बळी मागणारा तोच आहे. एका मुलीची सुटका ही दुसरीची बेडी कशी होते, याचा पुरावा एवढ्या क्रमात आहे.

या कादंबरीतला रुम्पेलस्टिल्ट्स्किन कोण, असे विचारले की बहुतेक जण स्टारिक राजाकडे बोट दाखवतात. मला ते अपुरे वाटते. परका, विचित्र नावाचा, सोन्याशी जोडलेला, गावाच्या कडेला राहणारा आणि ठरल्याप्रमाणे मागणी करणारा माणूस ही युरोपातल्या ज्यू सावकाराची सावली आहे. ग्रिमच्या संग्रहात ११० क्रमांकाची एक गोष्ट तर उघड ज्यूद्वेषी आहे, तिथे ही सावली शोधावी लागत नाही. नोविक यांनी त्या सावलीलाच 'मी' दिला. मिरियम एकाच वेळी गिरणीवाल्याची मुलगी आहे, राणी आहे आणि तो बुटकाही आहे. ग्रिमची गोष्ट आधी वाचायची ती यासाठी.

---

दौतटाक

आवाजांबद्दल. निवेदक सहा आहेत : मिरियम, तिच्या घरी राबणारी कर्जदाराची मुलगी वांडा, इरिना, मग वांडाचा धाकटा भाऊ स्टेपॉन, इरिनाची दाई मॅग्रेटा आणि झार मिर्नेशियस. पहिल्या तिघीजणी एकेक करून येतात, तोवर फारसा त्रास होत नाही. अडचण सुरू होते स्टेपॉन आल्यावर, कारण तोवर वाचकाने 'तीन मुलींची गोष्ट' असा करार मनाशी केलेला असतो. सदस्यांना आधीच सांगा की सहा जण आहेत. एवढ्यानेच निम्मा गोंधळ मिटतो.

नाव शोधू नका, पहिल्या तीन ओळींत बोलणाऱ्याचे लक्ष कशावर आहे ते पाहा.

मिरियम मोजते. किती, कुणाकडे, कधीपर्यंत. भावनासुद्धा तिच्याकडे हिशेबाच्या भाषेत येते.

वांडाची वाक्ये आखूड, वस्तू हाताने धरता येण्याजोग्या : शेळ्या, कोंबड्या, लापशी, बर्फ, बापाचा हात. तिला अंक आणि अक्षरे जादूसारखी वाटतात. मालकिणीला, म्हणजे मिरियमच्या आईला, ती 'पानोव्हा मँडेलस्टॅम' म्हणते, हे संबोधन दिसले की बहुधा ती किंवा तिचे भाऊ.

इरिना खोलीत कोण कुठे उभे आहे, कुणाला काय हवे आहे, बाप काय विचार करत असेल, हे टिपते. स्वतःबद्दल कमी बोलते. आवाज थंड असतो आणि तो मुद्दाम थंड ठेवलेला आहे.

स्टेपॉनची वाक्ये धावतात, 'आणि', 'मग' करत. लहान मुलाला जे कळत नाही ते तो जसेच्या तसे सांगतो, अर्थ आपल्याला लागतो.

मॅग्रेटा मागे वळून पाहते. काळजी, जुनी आठवण, गुडघेदुखी, आणि इरिनाला ती 'इरिनुश्का' म्हणते.

मिर्नेशियस कपडे, देखणेपण, कंटाळा आणि तिरस्कार यांवर बोलतो. चित्र काढणारा माणूस आहे, त्यामुळे चेहऱ्यांकडे त्याचे लक्ष बारीक.

करून पाहण्याजोगे : पुठ्ठ्याची एक पट्टी बुकमार्क म्हणून घ्या, तिच्यावर ही सहा नावे आणि प्रत्येकापुढे दोन शब्द लिहा. प्रत्येक खंड सुरू होताना पेन्सिलीने समासात पहिले अक्षर टाका. रसग्रहण लिहिताना हेच समास तुम्हाला सांगतील की कुणाचा आवाज कुठे दाट झाला आणि कुठे लेखिकेने त्याला मुद्दाम गप्प ठेवले.

एक चूक हमखास होते. एकच प्रसंग दोघांच्या तोंडून आला की वाचक दुसऱ्या वेळी नुसते चाळतात. तसे करू नका. मिरियमच्या निवेदनात वांडाला कामावर ठेवणे ही वसुलीतली एक कडक अट आहे : बापाकडे फेडायला काही उरलेले नाही, तर मुलीने राबावे. वांडाच्या निवेदनात तीच अट सुटका आहे. मारकुट्या घरातून दिवसभर बाहेर, पोटभर जेवण, आणि एकदम कितीतरी महिने तिला कुणी विकू शकणार नाही याची हमी. दोन्ही खरे आहे. मिरियमला आपण काय दिले हे बराच काळ कळत नाही, आणि वांडाही ते बोलून दाखवत नाही. हे अंतर निवेदकाचे नाव वर छापले असते तरी दिसले असते, पण नाव नसल्यामुळे आपल्याला क्षणभर कोण बोलते आहे ते कळत नाही आणि तेवढ्या क्षणात आपण माणसाला त्याच्या जाती-दर्जाआधी आवाजाने भेटतो. मला यासाठी ही रचना योग्य वाटते.

---

अष्टागर

तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण मराठी गटात हा मुद्दा येणारच आणि तो टाळू नये.

आपल्या मनातला सावकार कुठून येतो ते आधी समोर ठेवा. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि दंगे पुणे-नगर भागात पसरले. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता : कर्जरोखे आणि वह्या जाळल्या गेल्या. त्यातून पुढे १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. १९२५मध्ये बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. जमीन गिळणारा सावकार ही आपली इतिहासाने दिलेली प्रतिमा आहे आणि तिला आधार आहे.

ती प्रतिमा घेऊन मिरियमच्या गावात शिरलात की तीन गोष्टी जुळत नाहीत.

पहिली, जमीन. दख्खनचा सावकार गहाणखताच्या जोरावर जमिनीचा ताबा मिळवू शकत होता, दिवाणी न्यायालय त्याच्या मागे उभे होते. मध्ययुगीन युरोपात ज्यूंना बहुतेक ठिकाणी जमीन धरता येत नव्हती, कारागिरांच्या संघांत प्रवेश नव्हता, आणि चर्चने ख्रिस्ती माणसाला व्याज घेण्यास मनाई केली होती. व्याजाचा धंदा त्यांच्या वाट्याला आला तो उरलेल्या मोजक्या दारांपैकी एक म्हणून. लिथवास हे काल्पनिक राज्य आहे, पण ते लिथुआनिया-पोलंडच्या मातीतून उचलले आहे. नोविक यांच्या वडिलांकडचे मूळ लिथुआनियातल्या ज्यूंचे आणि आईकडचे पोलिश कॅथलिक, त्यामुळे दोन्ही बाजूंचे बारकावे त्यांच्या हाताशी आहेत.

दुसरी, जोर. मिरियमचा बाप जोसेफ वसुली करू शकत नाही, कारण तो मऊ माणूस आहे. त्याने बायकोचा हुंडा कर्जाऊ वाटला आणि गावाने तो परत केला नाही. गाव त्या पैशावर जेवते आहे आणि याच घरात आई थंडीत आजारी पडली आहे. कर्जदार गरीब आणि सावकार श्रीमंत हे आपले गृहीत पहिल्याच प्रकरणात उलटे आहे.

तिसरी, भीती. दंगा झाला तर मागे उभे राहणारे सरकार त्यांना नाही. म्हणून मिरियमची टोपली घेऊन दारोदार जाण्याची हिंमत ही धोक्याची हिंमत आहे. तिच्या आजोबांच्या विस्नियातल्या घराला भिंत आहे, वस्तीला भिंत आहे, आणि ती दोन्हींकडून उपयोगी पडते : आत ठेवायला आणि वाचवायला.

एवढे सांगूनही कठोरपणाचा प्रश्न उरतो, आणि तो उरायलाच हवा. मिरियमच्या आईला लेकीच्या मनात शिरलेल्या गारठ्याची काळजी वाटते. कादंबरी ती काळजी खोटी ठरवत नाही. गटातल्या त्या दोघांना विचारा : मिरियम कोणत्या जागी ठरल्यापेक्षा *जास्त* मागते? पान दाखवा. शोध घेताना त्यांच्या लक्षात येईल की ती कडक आहे पण कराराबाहेर जात नाही. मग प्रश्न असा होतो की करार पाळणे एवढेच पुरे का. यावर दीड तास सहज जाईल आणि चर्चा अडकणार नाही.

एक जवळचा दुवाही देतो. रायगड किनाऱ्यावरचे बेने इस्राएल ज्यू शतकानुशतके आपल्यात राहिले. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. पेणकर, किहीमकर, रोहेकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच आली. ते सावकार नव्हते आणि त्यांच्या वाट्याला युरोपासारखा छळ आला नाही, म्हणून सरळ तुलना करू नका. पण एका दिवसाचे काम थांबवणे ही माणसाची ओळख कशी होते, हे त्या नावातून सदस्यांना पटकन कळेल. मिरियम बर्फाच्या राज्यात गेल्यावरही शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस, कधी सुरू होतो याचा माग ठेवते. तिथे तिची ओळख टिकवणारी तीच एक दोरी आहे. हा तपशील बहुतेक वाचक सजावट समजून ओलांडतात.

---

उंबरठा

वर सगळ्यांनी छान लिहिले आहे, पण कादंबरीच्या कमकुवत जागाही गटाला माहीत हव्यात, नाहीतर रसग्रहण म्हणजे आरती होते.

पहिली जागा मधला तिसरा हिस्सा. निवेदक वाढतात, ठिकाणे वाढतात, आणि आरशातून बर्फाच्या राज्यात जाण्या-येण्याचे प्रसंग इरिनाच्या भागात पुन्हा पुन्हा येतात. वाचन इथेच रेंगाळते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीच्या मध्ये पाने कमी ठेवा.

दुसरी, प्रेमकथा. पुस्तकाला 'परीकथेतले प्रेम' समजून हातात घेतले की पहिल्या अडीचशे पानांत निराशा होते. स्टारिक राजा मिरियमला उचलून नेतो, तिचा अपमान करतो, मारण्याची धमकी देतो. मला त्या दोघांचे नाते शेवटपर्यंत पुरते पटलेले नाही. त्याच्या बाजूने एकच गोष्ट आहे : तो बोललेला शब्द मोडत नाही, आणि तिला किंमत आहे हे कळल्यावर ते कबूल करतो. हे पुरेसे आहे का, यावर गटात मतभेद होऊ द्या.

तिसरी, मॅग्रेटा. तिचे खंड मला सैल वाटतात. तिला जे माहीत आहे ते इरिनाकडून आपल्याला आधीच कळलेले असते.

उलट मिर्नेशियस उशिरा येऊनही पुस्तकातले सर्वांत चांगले काम करतो. तोवर इरिनाच्या नजरेतून तो निव्वळ राक्षसाचा पिंजरा आहे, देखणा आणि क्रूर. त्याचा 'मी' सुरू झाला की कळते की हा सौदा त्याने केलेलाच नव्हता, त्याच्या जन्माआधी दुसऱ्या कुणी केला. (ग्रिममधले कबूल केलेले मूल हेच! मोठे झालेले, मुकुट घातलेले.) त्याच्या आत राहणाऱ्या राक्षसाचे नाव चेर्नोबोग, म्हणजे काळा देव. हे नाव बाराव्या शतकातल्या हेल्मोल्डच्या स्लाव लोकांवरच्या बखरीत येते, लेखिकेने बनवलेले नाही.

---

दौतटाक

@उंबरठा, मॅग्रेटाबाबत सहमत नाही. इरिना स्वतःबद्दल बोलत नाही हे मी वर लिहिले. मग ती लहानपणी कशी होती, तिला कशाची भीती वाटायची, तिच्यावर कुणी प्रेम केले, हे सांगणार कोण? बापाने तिला दागिना अडकवायची खुंटी समजले आहे. मॅग्रेटाला काढा, इरिना फक्त हुशार उरते. आणि दाई ही राजवाड्यातली अशी व्यक्ती आहे की जिला कुणी विचारत नाही पण सगळे तिच्यासमोर बोलतात. सैलपणा आहे, तो वयाचा आहे.

रशियन परीकथांतली थंडी इथेच पाहा. अफानास्येव यांच्या संग्रहात (१८५५-६३) मोरोज्को म्हणजे हिमबाबाची गोष्ट आहे : सावत्र मुलीला जंगलात सोडतात, थंडी विचारते 'गारठलीस का?', ती नम्रपणे 'नाही' म्हणते आणि बक्षीस मिळवते. इरिनाही सावत्र आईच्या घरातली, तीही बर्फात बसते आणि तिला गारठा लागत नाही. पण तिच्या न गारठण्याचे कारण नम्रता नाही, ते तिच्या रक्तात आणि त्या चांदीत आहे. चांगुलपणाचे बक्षीस म्हणून मिळणारी गोष्ट लेखिकेने वारसा म्हणून दिली. कोणा सदस्याला इरिनावर लिहायचे असेल तर इथून सुरू करा.

---

उंबरठा

खुंटीचा मुद्दा मान्य. मॅग्रेटाचे खंड पुन्हा वाचते.

---

वाचनवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके मिळेल असे वाटले नव्हते. दोन गोष्टी अजून विचारते. चार बैठकांत पुस्तक कुठे कुठे तोडावे? आणि कथासार टाळण्याबद्दल, म्हणजे चौथ्या प्रश्नाबद्दल, कुणी काही सुचवेल का? हजार शब्दांतले आठशे 'मग असे होते, मग तसे होते' यातच जातात, हा आधीच्या पुस्तकांचा अनुभव आहे.

---

आटपाटनगर

तोडायचे ते पानांवर नको, प्रसंगांवर. प्रत्येकाची आवृत्ती वेगळी असते.

पहिली बैठक : पहिल्या ओळीपासून आयझॅकची अंगठी ड्यूककडे जाईपर्यंत. हिस्सा लहान आहे. मुद्दाम लहान ठेवा, कारण ग्रिमची गोष्ट आणि सुरुवातीची दोन पाने याच बैठकीत आहेत.

दुसरी : दोन्ही लग्नांपर्यंत. इरिना झारच्या घरी जाते, मिरियम स्टारिकांच्या. दोन अनोळखी घरांत पहिली रात्र कशी जाते हे शेजारी शेजारी वाचा.

तिसरी : विस्नियात मिरियमची नात्यातली बहीण बासिया हिच्या लग्नापर्यंत. सगळे धागे तिथे एका दालनात येतात. @उंबरठा म्हणतात तो रेंगाळणारा भाग यातच आहे, म्हणून एखादा आठवडा वाढवता आला तर इथे वाढवा.

चौथी : उरलेले.

आता कथासार. यावर एकच उपाय मला खात्रीचा वाटतो : देण्याघेण्याची वही. कादंबरी हिशेबावर चालते, तर वाचतानाही हिशेबच ठेवा. शंभर पानी वहीत पाच रकाने आखा : कुणी दिले, कुणाला, काय, कशाच्या बदल्यात, फिटले का. शेवटच्या रकान्यात 'हो', 'नाही' किंवा 'जास्त फिटले' लिहायचे. सगळ्या नोंदी करू नका, साठ-सत्तर झाल्या की वहीचाच कंटाळा येतो. एका बैठकीमागे आठ ते दहा पुरेत.

नोंदी कशा निवडायच्या? ज्या देण्यात रक्कम आणि किंमत वेगळी आहे त्या. मिरियम आणि वांडाची अट ही पहिली, ती @दौतटाक यांनी सांगितलीच. वांडाच्या आईच्या थडग्यावरच्या पांढऱ्या झाडाला 'कुणी दिले' या रकान्यात जागा द्या. ग्रिमच्या सिंडरेलात (क्रमांक २१) आईच्या थडग्यावरचे झाड मुलीला पोशाख देते. इथले झाड काय देते आणि कुणाला, ते पाहा. जंगलातली झोपडीही नोंदवा : ती एकाच वेळी दोन्ही जगांत आहे, इकडच्यांनी शिजवलेली लापशी तिकडच्यांना मिळते, आणि कुणाचे काम कुणाच्या पोटात जाते हे दोन्ही बाजूंना माहीत नसते. आभार मानायला माणूसच समोर नाही अशी ती एकमेव देवघेव आहे.

स्पॉयलर, तिसऱ्या बैठकीआधी वाचू नये : स्टारिकांमध्ये कोरडे आभार चालत नाहीत, घेतले तर फेडलेच पाहिजे. ते आपले नाव सांगत नाहीत, म्हणून मिरियम सोबतच्या दोघींना फ्लेक आणि त्सोप अशी नावे देते. ग्रिममध्ये नाव हे शस्त्र आहे, ते कळले की माणूस हरतो. इथे नाव हे देणे आहे आणि त्याची परतफेड लागते. पुढे तिला तीन कोठारांतल्या चांदीचे सोने करायचे असते. तिसरे कोठार अशक्य मोठे असते. अट काय, तर कोठारात असेल ती सगळी चांदी सोने झाली पाहिजे. ती उरलेली चांदी सरळ बाहेर ओतायला लावते, आत राहते ते सगळे सोने. सावकाराच्या नातीने अटीचा मजकूर नीट वाचला, एवढीच ती जादू. पण मदतीला आलेल्यांचे नशीबही त्या कामाबरोबर तिच्याशी बांधले जाते, आणि या नोंदीच्या शेवटच्या रकान्यात काय लिहायचे यावर तुमच्या गटात भांडण व्हायला हवे.

स्पॉयलर संपला.

रसग्रहणासाठी प्रत्येकाने वहीतली *एकच* नोंद घ्यायची. रचना ढोबळ अशी : दीडशे शब्दांत नोंद कुठली आणि प्रसंग कुठला, दोनशेत ग्रिममध्ये किंवा रशियन गोष्टीत तिचे रूप काय, चारशे-साडेचारशेत ती दोन निवेदकांना कशी वेगळी दिसते (इथे इंग्रजी मजकुरातली दोन-तीन वाक्ये जवळून वाचून दाखवायची, शब्दांची निवड, वाक्याची लांबी), उरलेल्यात शेवटचा रकाना आणि त्यामागचे स्वतःचे मत. कथानकासाठी पहिले दीडशे शब्दच आहेत, त्यामुळे सार आपोआप आखडते. चौदा जणांनी चौदा वेगळ्या नोंदी घेतल्या तर चौथ्या बैठकीत कुणी दुसऱ्याचे ऐकून कंटाळणार नाही.

---

अष्टागर

वहीत एक दुरुस्ती सुचवतो. सहावा रकाना घाला : 'हे कुणाच्या निवेदनातून कळले'. इरिना राक्षसाशी सौदा करते तेव्हा किंमत तिसऱ्याच माणसांना पडणार असते, आणि ते इरिनाच्या खंडांत थोडे, मिरियमच्या खंडांत फार स्पष्ट दिसते. हा रकाना नसेल तर ती नोंद 'फिटले : हो' अशी बंद होईल आणि चूक होईल.

---

वाचनवेल

सहा रकाने, बैठकीमागे दहा नोंदी, पुठ्ठ्याच्या पट्ट्या १४. पहिल्या बैठकीला ग्रिमची गोष्ट मोठ्याने आणि त्यानंतर 'कबूल केलेले काम कोणी केले' ही यादी. बैठक येत्या रविवारी आहे. नोंदींवर वाद झाले तर इथेच आणून मांडते.